पूजेला मांडलेला लॅपटॉप

१

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी पाचोडला तनुजा नरवडेच्या दारात एक पांढरी गाडी थांबली. उतरलेल्या माणसानं पाणी मागितलं, तांब्या रिकामा केला, आणि मग तनुजानं आपल्या वकिलीणबाईंना बंद खोलीत सांगितलेलं एक वाक्य तिला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. वर म्हणाला, "लग्न जमलंय म्हणं तुमचं. मग कशाला या भानगडीत पडता?" आणि गाडीत बसून निघून गेला.

ते वाक्य तनुजा आयुष्यात एकदाच बोलली होती, नीरजा जिंतूरकरसमोर. आणि ते लिहिलेलं होतं एकाच ठिकाणी, नीरजाच्या लॅपटॉपमध्ये.

हे सगळं नीरजा त्याच दुपारी आमच्या गारखेड्याच्या घरी बसून सांगत होती. पुण्यात वकिली करणारी, कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणारी ही पोरगी, पण दिलेलं पाणी तिनं तसंच ठेवलं होतं. ती दोन वेण्या घालायची तेव्हापासून मी तिला ओळखते. आईवडील गेल्यावर तिचं माहेर म्हणजे दोन गल्ल्या पलीकडं राहणारा भाऊ चिन्मय, आणि आम्ही.

"काकू, माझ्याच हातून फुटलंय हे," ती म्हणाली. "कसं ते कळत नाही, पण माझ्याच हातून."

प्रकरण थोडक्यात असं. शहरातल्या एका बड्या खासगी हॉस्पिटलचे मालक डॉक्टर रात्रपाळीच्या नर्सना कामाचं निमित्त काढून आपल्या खोलीत बोलवायचे, आणि पुढं काय व्हायचं ते सांगायला नको. तिघी नर्स बोलायला तयार झाल्या. येत्या सोमवारी मुंबईत एका समितीपुढं सुनावणी होती. तोवर आपली नावं कुणाला कळणार नाहीत, या एका भरवशावर त्या बोलल्या होत्या. नीरजा पुण्याहून आली, तिघींचे जबाब घेतले, दसरा भावाकडं केला, आणि आता मुंबईला निघणार तेवढ्यात हे.

"तनुजा म्हणते, ताई, मी येणार नाय. ती आली नाही तर बाकीच्या दोघीही येणार नाहीत. तिघींत तीच काय ती खमकी. ती बसली की सोमवारी संध्याकाळी तो डॉक्टर पेढे वाटेल."

"तो माणूस कोणतं वाक्य म्हणाला?" मी विचारलं.

"ते नाही सांगता येणार. तुम्हालासुद्धा नाही."

मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. मी बँकेच्या दक्षता विभागातून निवृत्त झालेली बाई. मराठवाड्यातल्या कोणत्या शाखेत कुणी हात मारला हे हुडकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तोंड बंद ठेवणारं माणूस मला लगेच आवडतं, कारण तसं माणूस फार क्वचित भेटतं.

तेवढ्यात मधुसूदन चहा घेऊन आले. हे माझे पती. तोंडावर मी त्यांना 'अहो' म्हणते, इथं वाचणाऱ्याच्या सोयीसाठी नाव घेते. निवृत्त सरकारी वकील, आणि नीरजाचे पहिले सीनियर. वकिली ती यांच्याच हाताखाली शिकली, अजून त्यांना 'सर' म्हणते. घरात उदबत्ती लावायची म्हटली तर यांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण गाडीत मात्र रोज माझ्या वडिलांच्या आवाजातलं विष्णुसहस्रनाम हवं. ट्रॅफिकमध्ये डोकं शांत राहतं म्हणे. नानांच्या शेवटच्या वर्षात मीच ते रेकॉर्ड केलं होतं. मुलगा मिहिर भूलतज्ज्ञ, भूल द्यायला चार हॉस्पिटलं फिरत असतो, आणि दसऱ्याला आईबापांना सोनं द्यायला यायचीही त्याला सवड झाली नव्हती. तेव्हा घरात आम्ही दोघंच.

"पोलिसांकडं जाऊ नकोस बेटा, नावं आणखी चार तोंडी होतील," मधुसूदन तिला म्हणाले. "भानूला बघू दे. हिच्या नजरेतून काही सुटत नाही."

"नीरजा," मी म्हणाले, "लॅपटॉप तुझ्या हातातून कधी सुटला होता?"

तिनं बोटांवर दिवस मोजले.

"एकदाच," ती म्हणाली. "पण तेव्हा तो देवाजवळ होता."

२

प्रवासात लॅपटॉप कसा सांभाळावा, हे या मुलीकडून शिकावं. हॉटेलात उतरली नाही, कारण खोली साफ करायला येणाऱ्याकडं किल्ली असते. वाटेत कुठलं फुकटचं इंटरनेट घेतलं नाही. लॅपटॉपची नेटची जोडणीच बंद करून ठेवलेली. आतली सगळी माहिती कुलपात, आणि ते कुलूप उघडणार तिच्या बोटानं किंवा पासवर्डनं. पासवर्ड कुठं लिहिलेला नाही. झोपताना बॅग उशाशी. कुणाचा पेनड्राइव्ह ती स्वतः कधी लावत नाही.

"दोन मिनिटं कुणी हात लावला नाही तर आपोआप कुलूप पडतं," ती म्हणाली. "चोरून नेला तरी नुसता पत्रा हाती लागेल."

"मग देवाजवळ कसा गेला?"

तर दसरा. चिन्मयच्या घरी दरवर्षी शस्त्रपूजा असते, आणि पूजा मधुसूदनांच्या हातून. चिन्मयच्या वडिलांपासूनची पद्धत. देवघरात पाटावर कायद्याची पुस्तकं, चिन्मयच्या धंद्याच्या वह्या, सुरी, कात्री, मुलाचा कंपास. तिथं नीरजाचा लॅपटॉपही मांडला. आणि एकदा पूजेला मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलवायचं नाही, हा नियम. मी त्या दिवशी तापानं फणफणले होते, म्हणून घरीच होते. नाहीतर मीही तिथं हात जोडून उभी असते.

"बंद होता?"

"आरतीच्या वेळी उघडा होता, चालू," ती जरा ओशाळली. "म्यानातल्या तलवारीची कुणी पूजा करतं का, असं पूजा सांगताना दरवर्षी म्हणतात ना. मी बोट लावून उघडला. सगळ्यांच्या देखत हळदीकुंकू वाहिलं, आरती झाली, आणि आम्ही जेवायला गेलो. म्हटलं दोन मिनिटांत पडेलच कुलूप."

"पडलं होतं?"

"जेवून आले तेव्हा बंद होता. सकाळी उचलला तेव्हाही बोट मागितलं त्यानं."

म्हणजे रात्रभर लॅपटॉप देवघरात एकटा होता, पण कुलपात. आणि कुलूप तोडणं घरातल्या कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. मग जे झालं ते रात्री झालंच नाही. लॅपटॉप उघडा होता तेव्हाच झालं.

पण उघडा होता फक्त आरतीला, आणि तेव्हा सगळं घर त्याच्यासमोर उभं होतं.

३

दुसऱ्या दिवशी मी चिन्मयकडं गेले. गुडघा दुखत होता तरी चालत गेले, कारण चालताना माझं डोकं चालतं.

नीरजाची वहिनी करुणा दारातच म्हणाली, "काकू, आमच्याच घरावर आळ आला ना शेवटी?" डोळे सुजलेले होते. दसऱ्याला जेवायला कोण कोण होतं ते तिनं सांगितलं: ती, चिन्मय, मुलगा, नीरजा, नीरजाचा ज्युनिअर वकील सत्यम आणि मधुसूदन.

"सगळे एकदमच बसले होते?"

"कुठलं? चिन्मय फोनवर, सत्यम बाहेर ओट्यावर. काका दर दसऱ्याला बसतात तसे जपाला बसले होते, त्यांचं ताट मी झाकून ठेवलं. मी पुऱ्या तळत होते. नीरजाताई आणि पोरगं तेवढे पानावर."

मधुसूदन जपाला बसले होते हे मला माहीत होतं. त्यांनीच सांगितलं होतं. डोळे मिटलेले असताना मागून कुणीतरी आत येऊन गेल्यासारखं वाटलं, असंही म्हणाले होते.

चिन्मय आतून आला तो तावातावानं. "काकू, सरळ विचारा. मी त्या हॉस्पिटलला हातमोजे आणि सुया पुरवतो, म्हणून मीच चोर ना?"

"तू पुरवतोस हे नीरजाला माहीत होतं?"

"मीच सांगितलं, ती आली त्याच दिवशी. म्हणाली, दादा, मग मला या विषयावर काही विचारू नकोस. मी विचारलं नाही. जेवणाच्या वेळी त्यांच्याच खरेदी विभागाचा फोन होता, गच्चीत घेतला. शेजारच्या फकिराचाचांनी मला बघितलंय, त्यांना विचारा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही त्या सत्यमला का विचारत नाही? त्याला समोरच्या पार्टीच्या वकिलाचा फोन आला होता. नोकरी देतो म्हणून. मी कानांनी ऐकलंय."

हे मी लक्षात ठेवलं. निघता निघता देवघरात डोकावले. कोनाड्यात एक छोटा प्लास्टिकचा डबा होता, बटण दाबलं की मंत्र म्हणणारा. हल्ली घरोघरी असतो.

"जेवताना हाच लागला होता का?" मी सहज विचारलं.

"स्तोत्र लागलं होतं खरं, चांगलं विष्णुसहस्रनाम," करुणा म्हणाली. मग थबकली. "पण काकू, याच्यातून नुसती गायत्रीच लागते."

मी तिथंच उभी राहून नीरजाला फोन लावला. "तुझ्या लॅपटॉपवर काही वाजत असलं, तर तो दोन मिनिटांनी बंद होतो का?"

"नाही होत. जबाबाचं रेकॉर्डिंग ऐकत ऐकत टाइप करते ना मी, सारखं कुलूप पडलं तर काम कसं होणार? म्हणून तशी सोय करून घेतलीय." आणि मग तिचा आवाज बदलला. "काकू, देवघरात स्तोत्र वाजत होतं. मला वाटलं वहिनीचा डबा."

लॅपटॉपला नेट नव्हतं. तेव्हा ते स्तोत्र वाऱ्यावरून आलेलं नव्हतं. कुणीतरी पेनड्राइव्ह लावला होता. स्तोत्र वाजत राहिलं म्हणून लॅपटॉप जागा राहिला, आणि ज्या पेनड्राइव्हनं देवाचं नाव आत नेलं त्यानंच तिघींची नावं बाहेर आणली.

कमाल वाटली मला त्या माणसाची. देवघरात स्तोत्र लागलं तर आपल्याकडं कोण विचारतो, कुठून वाजतंय म्हणून? सगळे आपोआप आवाज खाली आणतात आणि पुरी मोडतात.

४

सत्यम पिशोरचा. शेतकऱ्याघरचा मुलगा, शिकून पुण्याला गेलेला. नीरजानं त्याला चौकशी होईपर्यंत घरी जा म्हणून सांगितलं होतं आणि तो मुकाट्यानं गेला होता. मधुसूदन म्हणाले, "चल, मी नेतो तुला."

गाडीत यांनी बातम्या लावल्या. मी म्हटलं, आज नाना नाहीत? तर म्हणाले, "रोज रोज तेच काय." दुतर्फा मका कापून पडला होता, कुठं कापसाच्या वेचणीला बाया वाकल्या होत्या. बऱ्याच वेळानं ते आपणहून म्हणाले, "पोरगं वाईट नाही गं. पण घरची ओढाताण. नोकरीचा मोह पडला असेल. तू फार ताणू नकोस, नीरजाला म्हणावं माफ कर त्याला."

मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटलं. माणूस किती मऊ मनाचा, असं वाटलं.

पिशोरच्या बाजाराशी लिंबाखाली गाडी लावून ते पेपर वाचत बसले. मी एकटीच सत्यमच्या घरी गेले. तो अंगणात कणसं सोलत होता. मला बघून उठला, बाज टाकली, पाणी दिलं आणि पुन्हा कणसं सोलायला बसला.

"नोकरीसाठी फोन आला होता तुला?"

"आला व्हता. त्याच दिवशी म्याडमला सांगितलं. नाय म्हणून कळवलं त्यान्ला." त्यानं हातातलं कणीस खाली ठेवलं. "म्याडमनी तुम्हाला हे सांगितलं नाय का? का गरिबाघरचं पोरगं म्हणून समद्यान्ला मीच दिसलो?"

नीरजानं सांगितलं नव्हतं हे खरं. मी तिला विचारलंच नव्हतं.

"जेवणाच्या वेळी तू ओट्यावर होतास. देवघराची खिडकी ओट्यावरच उघडते. आत कोण आलं-गेलं?"

"खिडकीला पडदा व्हता. दिसलं नाय काय. ऐकू तेवढं आलं."

"काय?"

"सहस्रनाम. पण क्यासेटवाल्यांसारखं नाय, घरचं वाटलं. लई म्हातारे बाबा म्हणत व्हते. मधीच ठसका लागायचा. मंग पाणी पिल्याचा आवाज. मंग म्हणायचे, कुठवर आलो गं?" तो जरा हसला, त्या दिवसात पहिल्यांदाच हसला असावा. "अन् मंग एक बाईमाणूस त्यान्ला पुढचा शब्द सांगायचं. लई मायेनं. मला माझ्या आज्याची याद आली."

माझ्या हातातला पाण्याचा गडू मी खाली ठेवला.

ती बाई मी होते.

५

मी गाडीपर्यंत कशी आले ते मला नीट आठवत नाही. दार उघडून शेजारी बसले.

"अहो, जरा नाना लावा."

"आत्ता? जाताना लावू की."

"आत्ताच लावा."

त्यांचा हात पुढं गेला आणि थांबला. गाडीच्या त्या खाचेत काहीच नव्हतं. "पेनड्राइव्ह कुठंतरी पडलाय बहुतेक. घरी गेल्यावर शोधतो."

"चिन्मयच्या देवघरात नाना अडले आणि मी त्यांना पुढचा शब्द सांगितला," मी म्हणाले. "सत्यमनं ऐकलं."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग घडीवर घडी. आयुष्यभर सरकारी वकील होते. पुरावा पूर्ण झाला की आरोपीचा चेहरा कसा होतो, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत. मला वाटलं ते नाही म्हणतील, ओरडतील, निदान तुझं डोकं फिरलंय म्हणतील. मी त्या 'नाही'ची वाट बघत होते.

"कुणाकुणाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

हा त्यांचा पहिला प्रश्न. इतक्या वर्षांच्या संसारानंतर.

"का केलंत?" मी म्हणाले. "सगळं जुळतंय, फक्त हेच जुळत नाही. म्यानातली तलवार तुम्हीच बाहेर काढायला लावलीत. सगळे उठले तेव्हा तुम्ही जपाच्या नावाखाली तिथं बसून राहिलात. ऐकत ऐकत लिहायची सवय नीरजाला तुमच्याकडचीच, म्हणून वाजत असताना तो बंद पडत नाही हे तुम्हाला माहीत. पण का?"

"मिहिर," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तनुजाच्या बाबतीत घडलं त्या रात्री त्याची त्या हॉस्पिटलात केस होती. भूल देऊन बाहेर आला, डॉक्टरांच्या खोलीवरून जात होता. आतून पोरीचा ओरडण्याचा आवाज आला. हा दाराशी थांबला. आणि... निघून गेला. दार उघडून ती बाहेर आली तेव्हा तिनं याला पाठमोरा बघितलं. त्यानं मला रडत सांगितलं, भानू. आईला सांगू नका म्हणाला. मी फक्त जबाबात त्याचं नाव आहे का ते बघायला गेलो होतो. देवाशपथ."

"देवाची शपथ तुम्ही घेऊ नका. बघितलंत नाव. मग तिघींची नावं त्या डॉक्टरकडं कशी गेली?"

ते काचेतून समोर बघत राहिले. "डॉक्टर म्हणाले, मिहिरचा उल्लेख कुठं येणार नाही, मी बघतो. फक्त कोण आहेत ते कळू द्या. भानू, आपलं पोर आहे. आयुष्य उठलं असतं त्याचं."

"आणि सत्यमचं?"

येताना गाडीत त्याच्यासाठी माफी मागणारा हाच माणूस.

"नाना कुठं आहेत?"

"खाम नदीत," ते म्हणाले. "पुलावरून टाकला. ठेवणं धोक्याचं होतं."

मूळ रेकॉर्डिंग माझ्या जुन्या फोनबरोबरच गेलं होतं. दुसरी प्रत नव्हती, आणि ते यांना माहीत होतं. मी दार उघडून खाली उतरले.

"भानू, जाशील कशी?"

"गावाला एसटी येते," मी म्हणाले.

६

नीरजाला मी चिन्मयच्या ओट्यावर सांगितलं. वाटलं होतं रडेल. रडली नाही.

"हॉटेलातल्या माणसांचा भरवसा नाही म्हणून मी इथं उतरले, काकू," ती एवढंच म्हणाली. आणि मग काही वेळानं, "पहिल्या दिवशी सरांनी मला सांगितलं होतं, अशिलानं जे सांगितलं ते आपल्या सावलीलाही कळता कामा नये. मी ते अजून ज्युनिअरना सांगते. सरांचं नाव घेऊन सांगते."

"मिहिरचं नाव आहे जबाबात, हे तुला माहीत होतं. तरी तू माझ्याकडं आलीस."

"तुम्ही दोघं वेगळे आहात त्याच्यापेक्षा, असं वाटलं." तिनं तोंड फिरवलं. "तुमच्या बाबतीत तरी मी बरोबर होते."

तिनं माझ्यासमोरच सत्यमला फोन लावला आणि माफी मागितली. तो पलीकडून काय म्हणाला ते मला कळलं नाही, पण तिनं दोनदा हो म्हटलं आणि पदरानं डोळे पुसले.

मिहिरनं माझा फोन तिसऱ्या वेळी उचलला. "आई, मी कुणाचं काही केलं नाही गं," तो म्हणाला. मी म्हटलं, "तेच तर, बाळा. तू काहीच केलं नाहीस." आणि ठेवला. माझ्या पोटचं पोर. लहानपणी मुंगीवर पाय पडला तर रडायचा.

पाचोडला आम्ही दोघी शनिवारी गेलो. तनुजाची आई आशाबाई दारातच आडवी आली.

"आता काय अख्ख्या गावात डंका पिटायचा ऱ्हायला व्हय? सोयरे इचाराय लागलेत. जा बाई तुम्ही."

"आये, आत येऊ दे त्यान्ला," आतून आवाज आला.

तनुजा चोवीस-पंचवीसची, सडपातळ. मला वाटलं होतं ती नीरजाला बोल लावील. तिनं लावला नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि माझं सगळं ऐकून घेतलं. नाव कुणी फोडलं, तो माझा कोण लागतो, आणि त्या रात्री दाराबाहेर उभा राहून निघून गेलेला तो माझा कोण. लपवलं काहीच नाही. तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. बरं केलं.

"त्या माणसानं तेच म्हणून दाखवलं मला," ती म्हणाली. "मी सांगितलं व्हतं, मी वरडले तव्हा डॉक्टर मिहिर दाराशी व्हते, अन् मला त्यान्ची पाठ दिसली. त्या रात्रीचं बाकी समदं मी इसरन एक दिवस. ती पाठ इसरायची नाय."

आशाबाई पदराचा बोळा तोंडात धरून चुलीकडं वळली.

"तुम्ही हे तिथं बोलाल का?" तनुजानं मला विचारलं. "मोठ्या साहेबांपुढं? तुमच्या मालकाचं नाव घेऊन? अन् लेकाचं?"

मी लगेच हो म्हणाले नाही. खोटं कशाला सांगू? माझ्या डोळ्यांपुढं आमचं घर आलं, शेजारपाजार आला, मिहिरच्या नावाची पाटी आली. आणि मग ही पोरगी समोर उभी होती, तिलाही घर होतं, शेजार होता, जमलेलं लग्न होतं.

"बोलेन."

"म्हणणारे लई पायलेत मी," ती म्हणाली. "तुमच्या घरच्यांनीबी कायतरी म्हणलंच असंल ताईला. आधी तुम्ही बोला. मी तिथं बसून ऐकते. मंग माझं मी ठरवीन. तुम्ही फिरला, तर मीबी माघारी फिरन."

७

रविवारी मी दोन साड्या बॅगेत भरल्या. मधुसूदन दाराच्या चौकटीत उभे होते. दाढी वाढलेली, दोन दिवसांत वाळून गेल्यासारखे.

"मी सगळं कबूल करतो," ते म्हणाले. "वकिलीची सनद गेली तरी चालेल. माझं नाव घे. फक्त मिहिरचं घेऊ नकोस. एवढंच मागतो. तू आई आहेस त्याची."

लग्नानंतर त्यांनी माझ्याकडं फार थोड्या गोष्टी मागितल्या होत्या. मी बॅगेची चेन लावली आणि त्यांच्या शेजारून बाहेर पडले.

सोमवारी मुंबईत समितीची खोली साधीच निघाली. लांब टेबल, मधोमध अध्यक्षबाई, कडेला लिहून घेणारे गृहस्थ. समोरच्या बाजूला त्या डॉक्टरांचे वकील ऐटीत बसलेले. मागच्या खुर्च्यांवर तनुजा, तिच्या दोन्ही बाजूंना त्या दोघी, तिघींचे चेहरे ओढणीत. सत्यम दाराशी उभा होता. नीरजानं उठून सांगितलं की साक्षीदारांची नावं सुनावणीआधीच फोडण्यात आली, आणि त्याबद्दल आधी एका व्यक्तीचं ऐकून घ्यावं. वकील हरकत घ्यायला उठले. अध्यक्षबाईंनी हातानंच त्यांना खाली बसवलं.

"पूर्ण नाव सांगा," लिहिणारे गृहस्थ म्हणाले.

"भानुमती मधुसूदन अंबडकर."

"साक्षीदारांची नावं बाहेर कुणी दिली हे तुम्हाला माहीत आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हो. माझ्या नावात मध्ये आहे त्यांनी."

त्या गृहस्थांची लेखणी थांबली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "स्पष्ट बोला, बाई."

"माझे पती. ॲडव्होकेट मधुसूदन अंबडकर. लॅपटॉप पूजेला मांडलेला असताना त्यांनी तो वाचला आणि नावं डॉक्टरांना दिली."

"असं ते का करतील?"

इथं थांबता आलं असतं. 'मला माहीत नाही' म्हटलं असतं तर कुणी मला खोटं पाडलं नसतं, माझं घर अर्धं तरी वाचलं असतं. मी मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर वाटलं असतं की मी त्या मुलीसाठी बोलते आहे, आणि तसं मला वाटून घ्यायचं नव्हतं.

"मुलाला वाचवायला," मी म्हणाले. "या तिघींतली एक त्या रात्री डॉक्टरांच्या खोलीत ओरडली तेव्हा दाराबाहेर दुसरा एक डॉक्टर होता. त्यानं ऐकलं आणि तो निघून गेला. त्याचं नाव डॉक्टर मिहिर मधुसूदन अंबडकर. तो माझा मुलगा आहे."

डॉक्टरांचे वकील एकदम उठून काहीतरी बोलू लागले. पण त्यांच्या आवाजाच्या वर मागून एक खुर्ची सरकली. पावलं माझ्या शेजारी येऊन थांबली. तनुजानं तोंडावरची ओढणी काढून खांद्यावर टाकली आणि लिहिणाऱ्या गृहस्थांना म्हणाली,

"आता माझं लिवा."